डिझेल गाडीचा पिवळा दिवा: ‘पी ००८७’ म्हणजे पंप गेला असे नव्हे!

डिझेल गाडी घेणारे कुटुंब साधारणपणे लांबच्या प्रवासाचा विचार करून ती घेते. वर्षातून दोनदा गाव, देवदर्शन, मुलांची सुट्टी, लग्नकार्य. काही घरांत तर गाडी हेच पोटापाण्याचे साधन असते. कुणी ती टुरिस्ट परमिटवर चालवतो, कुणी शाळेच्या मुलांची ने-आण करतो. अशी गाडी घाटात ऐन चढावर एकाएकी ओढेनाशी होते, पाय कितीही दाबला तरी पिकअप मिळत नाही आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की पडद्यावर अक्षरे उमटतात: पी ००८७.

यापुढचा संवाद बहुतेकांच्या परिचयाचा आहे. ‘‘साहेब, प्रेशर येत नाही. पंप गेला.’’ किंवा, ‘‘चारही इंजेक्टर बदलावे लागतील.’’ आकडा ऐकून घरातल्या मंडळींचे चेहरे उतरतात. कॉमन रेल डिझेल गाडीत हाय-प्रेशर पंप आणि चार इंजेक्टर मिळून खर्च सहज लाखाच्या घरात जातो. हाच कोड काही वेळा शे-पाचशे रुपयांच्या किंवा हजार-दोन हजारांच्या फिल्टरमुळेही येतो. म्हणून हा कोड नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे गाडीच्या मालकाला माहीत असायला हवे. त्यासाठी इंजिनीअर असण्याची गरज नाही.

अक्षर आणि आकड्यांची भाषा

गाडीतला संगणक इंजिनावर सतत नजर ठेवून असतो. एखादे मोजमाप ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की तो त्याची नोंद करतो आणि दिवा लावतो. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलांपासून सर्व मोटारींना यासाठी एकसारखी पद्धत सक्तीची झाली. आपल्याकडे भारत स्टेज ४च्या गाड्यांसाठी या देखरेख यंत्रणेचा पहिला टप्पा १ एप्रिल २०१० पासून आणि दुसरा टप्पा १ एप्रिल २०१३ पासून लागू झाला. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला १६ पिनांचे एक सॉकेट असते. स्कॅनर तिथेच जोडतात.

कोडचे पहिले अक्षर गाडीचा विभाग सांगते. ‘पी’ म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स, ‘बी’ म्हणजे बॉडी, ‘सी’ म्हणजे चासी आणि ‘यू’ म्हणजे संगणकांमधील आपसातला संपर्क. त्यानंतरचा शून्य सांगतो की हा कोड सर्व कंपन्यांना समान आहे. तिथे १ असेल तर तो कंपनीने स्वतः ठरवलेला असतो. पुढचे आकडे इंधन व हवेचा विभाग आणि नेमकी तक्रार दाखवतात. त्यानुसार पी ००८७चा अर्थ होतो, ‘इंधनाच्या रेलमधील दाब फार कमी’. याचा सख्खा भाऊ पी ००८८ ‘दाब फार जास्त’ असे सांगतो.

या वाक्यात पंपाचे नाव कुठेच नाही, इंजेक्टरचेही नाही. ताप आला म्हणजे मलेरियाच झाला असे आपण धरून चालत नाही, रक्त तपासून घेतो. पी ००८७ हा गाडीचा ताप आहे. आजार कोणता, ते शोधणे बाकीच असते.

दाब म्हणजे किती दाब?

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली यशस्वीपणे चालले. त्याचे तत्त्व आजही तेच आहे. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची की ती प्रचंड तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारले की ते ठिणगीशिवाय पेटते. डिझेलचे कण जितके बारीक, तितके ज्वलन चांगले आणि धूर कमी. बॉशने १९२७ साली डिझेलच्या यांत्रिक पंपांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले आणि पुढे अनेक दशके जगभर अशाच यांत्रिक पंपांचे राज्य होते. १९९७ साली युरोपातल्या मोटारींत ‘कॉमन रेल’ पद्धत आली. पुढच्या काही वर्षांत ती भारतातही पोहोचली आणि २००७ साली आलेल्या डिझेल स्विफ्टसारख्या गाड्यांमुळे मध्यमवर्गीय घरांच्या दारात उभी राहिली.

या पद्धतीत टाकीतले डिझेल आधी कमी दाबाने फिल्टरकडे येते. फिल्टर त्यातली घाण आणि पाणी अडवतो. पुढे हाय-प्रेशर पंप ते डिझेल एका जाड पोलादी नळीत, म्हणजे रेलमध्ये, कोंबतो. रेलला जोडलेले इंजेक्टर संगणकाच्या हुकमाप्रमाणे ते सिलिंडरमध्ये फवारतात. उरलेले डिझेल रिटर्न पाइपमधून परत जाते. रेलवर बसवलेला सेन्सर दाब मोजून संगणकाला कळवत राहतो.

आपल्या स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर शिट्टी देतो तेव्हा आत बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ बार जास्त दाब असतो. मोटारीच्या टायरमध्ये २ बारच्या थोडा वर. कॉमन रेलमध्ये मात्र गाडी नुसती उभी राहून चालू असली तरी २५० ते ३५० बार दाब असतो, आणि चढावर पाय दाबला की अनेक गाड्यांत तो १६०० बारपर्यंत किंवा त्याहूनही वर जातो. गाडी सुरू होण्यासाठी सेल्फ मारतानाच सुमारे २०० बार दाब तयार व्हावा लागतो. तो झाला नाही तर संगणक इंजेक्टर उघडतच नाही आणि गाडी नुसतीच घरघरते.

संगणक दर क्षणी ठरवतो की आता अमुक दाब हवा. सेन्सर सांगतो की प्रत्यक्षात तमुक आहे. हा फरक मर्यादेबाहेर जाऊन काही काळ तसाच राहिला की पी ००८७ नोंदला जातो. इंजिनाचे नुकसान होऊ नये म्हणून संगणक ताकदही कमी करतो. घाटात पिकअप गेल्यासारखे वाटते ते बहुधा यामुळेच.

दाब का पडतो?

घरच्या नळाला पाणी कमी येत असेल तर आपण काय पाहतो? टाकीत पाणी आहे का, गाळणी तुंबली आहे का, पाइपात हवा अडकली आहे का, मोटर कमजोर झाली आहे का, की कुठे तरी गळती आहे? डिझेलच्या दाबाचेही तसेच आहे. कारणे तीन गटांत मांडता येतात.

पहिला गट, डिझेल पुरेसे पोहोचत नाही. तुंबलेला फिल्टर हे यातले सर्वांत नेहमीचे आणि सर्वांत स्वस्त कारण. शहरातल्या संथ वाहतुकीत थोडे डिझेल पुरते, त्यामुळे अर्धवट तुंबलेला फिल्टरही निभावून नेतो. चढावर किंवा ओव्हरटेक करताना त्याची लबाडी उघडी पडते. टाकीतली जाळी बुजणे, टाकीतला किंवा लाइनवरचा पुरवठा पंप अशक्त होणे, पाइप दबणे किंवा मुडपणे ही याच गटातली कारणे. सांध्यातून, जुन्या रबरी होजमधून किंवा फिल्टरच्या रिंगमधून हवा आत शिरली तरी हेच होते. डिझेल सहसा दबत नाही, हवा मात्र दबते. त्यामुळे बुडबुडे असले की पंप मेहनत करतो पण दाब चढत नाही.

दुसरा गट, दाब तयार होत नाही किंवा टिकत नाही. हाय-प्रेशर पंपावर डिझेल मोजून सोडणारा एक वाल्व असतो. तो घाणीने अडकला तर पंप चांगला असूनही दाब पडतो. रेलवरचा जादा दाब सोडणारा वाल्व नीट बंद होत नसेल तर डिझेल तिथून निसटते. इंजेक्टर आतून झिजला की त्याच्या रिटर्नमधून प्रमाणाबाहेर डिझेल परत जाते. एखादा इंजेक्टर असा ‘गळका’ झाला तरी पूर्ण रेलचा दाब बसतो. आणि पंप स्वतः झिजलेला असू शकतो, हेही खरेच. पण त्याचा नंबर या यादीत शेवटी लागतो.

तिसरा गट, दाब ठीक आहे पण निरोप चुकीचा आहे. रेलचा सेन्सर किंवा त्याची वायरिंग खराब असली की संगणकाला खोटा आकडा मिळतो. अशा वेळी बहुतेकदा पी ०१९०च्या मालिकेतला एखादा कोडही सोबत दिसतो. म्हणून स्कॅनरवर एकच कोड पाहून थांबू नये, सगळे कोड लिहून घ्यावेत.

तक्रार केव्हा होते, ते सांगा

मेकॅनिककडे जाताना ‘गाडी चालत नाही’ एवढेच सांगू नका. डॉक्टर जसे विचारतात, दुखते केव्हा, तसाच इथेही ‘केव्हा’ महत्त्वाचा आहे.

सकाळी पहिल्यांदा फार वेळ सेल्फ मारावा लागतो आणि एकदा सुरू झाल्यावर गाडी ठीक चालते, असे असेल तर रात्रीतून डिझेल मागे उतरून लाइनने हवा धरल्याचा संशय घ्यावा. थंड इंजिन लगेच सुरू होते पण तापलेले पुन्हा सुरू व्हायला कुरकुरते, असे असेल तर पंप किंवा इंजेक्टरची झीज असू शकते. कारण तापलेले डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या फटीतून जास्त निसटते. फक्त चढावर किंवा वेगात ताकद जात असेल तर आधी फिल्टर आणि पुरवठा. नुकतेच डिझेल भरल्यावर त्रास सुरू झाला तर डिझेलवर शंका घ्यावी. नुकतीच सर्व्हिसिंग झाली असेल तर फिल्टरची बैठक, रिंग आणि होजचे क्लिप पाहावेत. टाकी तळाला गेल्यावरच त्रास होत असेल तर टाकीतली जाळी आणि गाळ.

या खुणा शंभर टक्के निर्णायक नाहीत, पण कुठून सुरुवात करायची ते त्या दाखवतात. संगणकही यात मदत करतो. कोड नोंदला गेला त्या क्षणीचा इंजिनाचा वेग, गाडीचा वेग, भार आणि कूलंटचे तापमान तो साठवून ठेवतो. म्हणूनच दिवा त्रास देतो म्हणून कोड घाईने ‘उडवू’ देऊ नका. कोड पुसला की ही माहितीही पुसली जाते आणि मूळ दोष तसाच राहतो. आधी स्कॅनरच्या पडद्याचा फोटो काढून ठेवा.

आधी स्वस्त, मग महाग

चांगला मेकॅनिक साधारण या क्रमाने जातो. आधी टाकीत डिझेल किती आहे आणि फिल्टर शेवटचा केव्हा बदलला, हे विचारतो. फिल्टरमधले डिझेल पारदर्शक बाटलीत काढून थोडा वेळ स्थिर ठेवतो. पाणी असेल तर ते खाली बसते, घाण असेल तर दिसते. रिटर्न किंवा पुरवठ्याच्या लाइनमध्ये पारदर्शक नळी लावून बुडबुडे येतात का ते पाहतो. पुरवठा पंपाचा दाब मोजतो.

त्यानंतर स्कॅनरवर ‘हवा असलेला दाब’ आणि ‘प्रत्यक्ष दाब’ हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून गाडी चालवून पाहतो. गाडी बराच वेळ बंद असताना फक्त चावी फिरवली तर रेलचा दाब शून्याजवळ दिसायला हवा. तो शेकड्यांत दिसला तर सेन्सर किंवा वायरिंग खोटे बोलते आहे. इंजेक्टर तपासायला प्रत्येकाच्या रिटर्नला एकेक छोटी बाटली जोडून इंजिन चालवतात. चारपैकी एक बाटली इतरांपेक्षा भराभर भरली तर चोर सापडला! हे सर्व झाल्यावरच पंपाला हात लावायचा.

ही तपासणी न करता थेट पंप बदलणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. नवा पंप बसतो, तुंबलेला फिल्टर तसाच राहतो आणि दिवा आठवड्याने पुन्हा लागतो.

पंप खरोखरच गेला असेल तर एक गोष्ट जरूर विचारावी: आत धातूचा चुरा निघाला का? कारण तो चुरा रेल आणि इंजेक्टरपर्यंत, तसेच रिटर्नमधून टाकीपर्यंत पोहोचतो. तो साफ न करता नवा पंप बसवला तर तोही थोड्याच दिवसांत जुन्याच्या वाटेने जातो.

जुनी सवय, नवा धोका

जुन्या डिझेल गाड्यांत हवा काढण्यासाठी इंजेक्टरच्या पाइपाचे नट सैल करून इंजिन फिरवण्याची पद्धत होती. अनेकांनी ती वडिलांच्या जीपवर किंवा ट्रॅक्टरवर पाहिली असेल. कॉमन रेल इंजिनावर हे कधीही करू नये. शेकडो बार दाबाची डिझेलची बारीक धार कातडीतून सरळ आत शिरते. जखम सुई टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण आत शिरलेल्या डिझेलमुळे ऊती मरू लागतात आणि बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. असे घडले तर मलमपट्टी करून घरी थांबू नका. थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि ‘उच्च दाबाचे डिझेल आत शिरले आहे’ असे स्पष्ट सांगा. गळती शोधायला चालू इंजिनाच्या पाइपांवरून हात फिरवणेही याच कारणाने धोक्याचे आहे. घरातल्या उत्साही मुलाला हे आवर्जून सांगून ठेवा.

रस्त्यात दिवा लागला तर

पिवळा दिवा लागला पण गाडी ओढते आहे, आवाज आणि धूर नेहमीसारखा आहे, तर घाबरू नका. वेग कमी करा, ओव्हरटेक टाळा आणि जवळच्या गॅरेजपर्यंत सावकाश जा. ताकद गेली असेल तर इंडिकेटर देऊन डाव्या बाजूला या. इंजिन चालत्या गाडीत बंद पडले तर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन वेळा पाय दाबल्यावर संपते. म्हणून ब्रेक पुन्हापुन्हा न दाबता एकाच वेळी घट्ट दाबून गाडी थांबवा. चारही इंडिकेटर चालू करा, त्रिकोण मागे लांब ठेवा आणि मुलांना व वृद्धांना गाडीत न बसवता कठड्यापलीकडे सुरक्षित उभे करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते.

पंपावर चुकून डिझेल गाडीत पेट्रोल भरले गेले तर चावी फिरवूच नका. डिझेल हेच पंपाचे वंगण असते आणि पेट्रोलमध्ये तो गुण नाही. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या. इंजिन सुरू न केल्यास नुकसान बहुतेकदा टळते. रॉकेलची भेसळही याच कारणाने पंपाचा गळा घोटते.

प्रदेश बदलला की पथ्यही बदलते

कोकण, केरळ किंवा ईशान्येकडे पावसाळा मोठा असतो, तिथे डिझेलमधल्या पाण्याची काळजी जास्त घ्यावी. बऱ्याच गाड्यांत इंधनातल्या पाण्यासाठी वेगळा दिवा असतो. तो लागला की फिल्टरखालच्या स्क्रूमधून पाणी काढून टाकावे. टाकी सतत तळाला ठेवून गाडी चालवू नये, कारण रिकाम्या जागेतल्या दमट हवेचे पाणी होते आणि गाळ वर ओढला जातो.

हिमालयात जाणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधले मेण गोठते आणि फिल्टर बुजतो. गाडीत कोणताही बिघाड नसताना अशा वेळी पी ००८७ येऊ शकतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंश सेल्सिअसपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले, ते याच अडचणीवर उपाय म्हणून. मुंबई-नागपुरातून टाकी भरून निघालेल्यांनी थंडीच्या प्रदेशात शिरण्यापूर्वी तिथलेच डिझेल भरावे.

बिल भरण्यापूर्वी

गाडीच्या कागदपत्रांसोबत एक साधी वही ठेवा. फिल्टर केव्हा आणि किती किलोमीटरवर बदलला, डिझेल कुठे भरले, दिवा केव्हा लागला, याची नोंद त्यात असू द्या. फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या अंतराला बदला आणि तो दर्जेदारच घ्या. हा खर्च वाचवण्याचा नव्हे. हल्ली काही शे रुपयांपासून मिळणारा छोटा रीडर मोबाइलला जोडून घरच्या घरी कोड पाहता येतो. त्यावरून निदान करू नका, पण गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी प्रश्न तयार करायला तो उपयोगी पडतो.

मोठे काम सांगितले गेले तर चार प्रश्न विचारा. फिल्टर आणि हवा तपासली का? हवा असलेला दाब किती आणि प्रत्यक्ष किती? इंजेक्टरची रिटर्न चाचणी केली का? जुना भाग परत मिळेल का? अंदाजपत्रक भागागणिक लेखी घ्या. प्रामाणिक कारागीर या प्रश्नांवर चिडत नाही, उलट त्याला समजून सांगायला बरे वाटते. उत्तर टाळले गेले तर दुसऱ्या ठिकाणी दाखवा. तरीही फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

पिवळा दिवा आपल्याला घाबरवण्यासाठी नसतो, आणि दुर्लक्ष करण्यासाठी तर मुळीच नसतो. दिवा लागल्यापासून पंपाचा भुर्दंड पडेपर्यंत बहुधा बराच वेळ हाताशी असतो. तेवढ्या वेळात फिल्टर बदलून, हवा काढून, पाणी उपसून गाडी पुन्हा घाट चढू लागली, तर वाचलेल्या पैशांत घरातल्या मंडळींची एखादी सहल नक्की होईल.